काकीच्या नखाचं कणीस

काकी गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोदामात ड्युटीवर होतो, आणि पहिला आठवला तो मका. माणूस गेलं आणि याला वैरण आठवते, असं तुम्ही म्हणाल. म्हणा! पण चारच दिवसांपूर्वी मी तिच्यासाठी शेतातलं एक कणीस दवाखान्यात नेलं होतं. तिनं पडल्या पडल्या ते सोललं, दाण्यात अंगठ्याचं नख रुतवलं, आणि दूध उडालं ते थेट सलाइनच्या नळीवर. "न्हाय रं, दूधच हाय अजून. आठ दिस थांब. चिकात आला का काप." ... स्वतः घरी येण्याबद्दल ती काहीच बोलली नाही, हे मला नंतर उमगलं.

आमच्या कोन गावात आजूबाजूच्या शेतांची गोदामं झाली. काकीनं मात्र विहिरीजवळचा तुकडा आपल्या चार म्हशींसाठी राखला. भात निघालं की मका. तो कणसांसकट बारीक कापून खड्ड्यात दाबायचा, वर ताडपत्री; हा मुरघास पावसाळाभर पुरायचा. पेरणीचं माप तिच्या अंगावरच होतं, दोन ओळींत दोन पावलं आणि दोन दाण्यांत एक वीत. एका वर्षी मी शहाणपणा केला. जास्त बी, जास्त वैरण, म्हणून तिच्या नकळत दुप्पट दाणे टाकले. धाटं निघाली करंगळीएवढी, कणसं नावाला, आणि एका वाऱ्यात सगळं आडवं! मला वाटलं, आता शिव्या. ती बांधावर बसून पोट धरून हसली. "येड्या, निजामपुऱ्याच्या एका खोलीत लूमवाले कामगार दाटीनं झोपतात तसा पेरलास! हातपाय कुठं पसरायचं त्यानं?" कापणीच्या बाबतीत मात्र ती हसत नसे. घाई केली तर खड्ड्यात नुसतं पाणी सुटतं, उशीर केला तर धाटाचं लाकूड होतं आणि म्हैस तोंड फिरवते.

तिनं सांगितलेला दिवस सुतकात आला. आमच्याकडे सुतकात उभ्या पिकाला विळा लावत नाहीत. तेराव्यापर्यंत थांबलो असतो तर मका वाळला असता, आणि पावसाळ्याआधी काकीच्या म्हशी विकायला लागल्या असत्या. पण आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगणार कोण? तिचे दीर, रीतीभातीला कडक. त्या सकाळी ते घरात दिसेनात. शोधत गेलो तर मक्यात उभे, हातात सोललेलं कणीस, दाण्यात नख. दूध नव्हतं, ते आटून मऊ चीक झाला होता.

"वयनीनं सांगलेला दिस हाय," डोळे पुसत आबा म्हणाले. "लोकांचं मी बघतो. विळा आण."

गेल्या आठवड्यात खड्डा उघडला. असा आंबटगोड वास सुटला की म्हशींनी खाताना मान वर केली नाही. फार रडू आलं मला.

दवाखान्यातलं ते कणीस मी परत आणलं होतं. ते आता देवळीत आहे, सुरकुतलेलं, बियाण्याच्याही कामाचं नाही. एका दाण्यावर तिच्या नखाची खूण आहे. परवा त्या खुणेवर माझा अंगठा ठेवून पाहिला. बसला नाही. काकीचा अंगठा एवढा लहान होता, हे ती असताना कधी लक्षातच आलं नाही.