उभेराव जेवायला बसले

उभेराव हे काही त्यांचं आडनाव नव्हे. चौकातल्या हॉटेलात वेटर म्हणून लागले तेव्हा नुकतं मिसरूड फुटलं होतं, आता डोक्याचा कापूस झालाय, आणि एवढ्या वर्षांत त्यांना बसलेलं पाहिलंय असं कुणी शपथेवर सांगणार नाही. गिऱ्हाईक नसलं तरी स्वारी आपली स्वयंपाकघराच्या दाराला खांदा लावून उभी. जेवणसुद्धा उभ्यानेच. दुपारची गर्दी ओसरली की मागच्या ओट्याशी प्लेट हातात धरायची, एक डोळा भातावर, एक डोळा दारावर, आणि चार घासांत खेळ खलास. घरीही तीच तऱ्हा. बायको म्हणायची, "अहो, उभ्याने खाल्लेलं पायात जातं, पोटात नाही. जरा बूड टेका." ते "हो हो" म्हणायचे, पण तोवर प्लेट धुऊन जागेवर गेलेली असायची.

कामाला मात्र माणूस वाघ. पाच टेबलांच्या ऑर्डरी तोंडपाठ, आणि हातात चार प्लेटा असल्या तरी चाल अशी की अंगावर शिंतोडा उडेल तर शपथ. त्यांचा नियम एकच: गिऱ्हाइकाने चमचा खाली ठेवला की प्लेट उचलायची. ताबडतोब. "टेबल मोकळं झालं तर हॉटेल चालतं," असं ते नव्या वेटरांना सांगायचे, "गप्पांनी चालत नाही." मालक यावर बेहद्द खूश. तो कशाला नाखूश असेल म्हणा.

हॉटेलच्या समोरच मास्तरांचं शिलाईचं दुकान. मास्तर जन्मभर मशीनवर वाकून बसलेले, त्यामुळे पाठीला बाक आलेला. एक सदा उभा, एक सदा बसलेला, दोघं मिळून एक धड माणूस होतो असं मालक म्हणायचा. मास्तरांची बायको गेली तेव्हापासून ते रोज दुपारी खिडकीजवळच्या टेबलावर जेवायला यायचे. उभेराव त्यांना चांगला तुकडा बघून वाढायचे, रस्सा न मागता घालायचे, जाता-येता दोन शब्द बोलायचे. अशी वाढता वाढता मैत्री झाली, आणि ती इतकी मुरली की मास्तर एखाद्या दुपारी आले नाहीत तर उभेरावांचा जीव थाऱ्यावर नसायचा.

पुढे मास्तरांना सुईत दोरा ओवता येईना. मुलगा दूरच्या शहरात नोकरीला होता, तो म्हणाला, "बाबा, पुरे आता, इकडे या." मास्तरांनी बरेच आढेवेढे घेतले, शेवटी दुकान दुसऱ्याला देऊन टाकलं. गुरुवारी निघायचं ठरलं. त्याआधीच्या आठवड्यात एका दुपारी मास्तर जेवून हात धुऊन आले आणि म्हणाले,

"शनिवार-रविवार सुट्टी टाक. समुद्रकाठच्या त्या गावाला जाऊ. तिथली हॉटेलं चांगली आहेत असं जो तो सांगतो. दोन दिवस नुसतं खायचं, फिरायचं आणि परत यायचं."

"हॉटेलात जेवायला?" उभेराव म्हणाले. "मी? म्हणजे हलवायाने मिठाई विकत घेतल्याची गत झाली."

"तू आणि मी आजवर एकदा तरी बरोबर जेवलोय का?"

"रोज तर जेवतोस इथे."

"मी जेवतो. तू वाढतोस," मास्तर म्हणाले. "आता मी काही परत येत नाही. जायच्या आधी एकदा माझ्यासमोर बसून जेव. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. एवढंच मागणं आहे, लेका, फार नाही."

उभेरावांना वाटलं, हे काय अवघड आहे. बसायचं आणि खायचं, लहान पोरंसुद्धा करतात. त्यांनी मालकाकडे रजा मागितली. मालकाने आधी तब्येतीची चौकशी केली, मग रजा दिली.

शनिवारी सकाळच्या बसने दोघं निघाले. गाव बेताचंच होतं: एक बाजाराचा रस्ता, एक धक्का, त्याच्यालगत ओळीने हॉटेलं. लॉजवर पिशव्या टाकल्या आणि दुपारी बाजारातल्या पहिल्या हॉटेलात शिरले. उभेराव खुर्चीत बसले खरे, पण डॉक्टरकडे नंबर लावून बसावं तसे, अगदी कडेला. टेबल डुगडुगत होतं. त्यांनी पायाखाली कागदाची घडी सारली. मीठ संपत आलं होतं, ते शेजारच्या टेबलावरून आणलं. मग पलीकडे पाणी नाही हे त्यांना दिसलं.

"ते त्यांचं ते बघतील," मास्तर म्हणाले. "तू सूप पी."

सूप प्यायले. एका दमात. मासे आले. मास्तरांनी दोन घास खाल्ले, चमचा खाली ठेवला आणि दातात अडकलेला काटा काढायला तोंडाशी हात नेला. काटा काढून खाली बघतात तो काय, प्लेट गायब. प्लेट उभेरावांच्या हातात, आणि उभेराव स्वयंपाकघराच्या दारात.

"काका, तिकडे कुठे निघालात?" तिथल्या वेटरने विचारलं.

सगळं हॉटेल बघत होतं. उभेराव प्लेट घेऊन परत आले, मास्तरांसमोर ठेवली आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. मास्तरांना हसू आवरेना. हसता हसता त्यांना ठसका लागला आणि उभेराव पाणी आणायला पुन्हा उठले. तेव्हा ते जेवण काही धरायचं नाही, असं दोघांनी ठरवलं. मास्तर म्हणाले, "संध्याकाळी तुझी पँट खुर्चीलाच शिवून टाकतो. कच्चा दोरा घालतो, घरी जाऊन उसव."

ते हसण्यावारी गेलं. संध्याकाळचं मात्र गेलं नाही.

धक्क्यावरचं ते हॉटेल गच्च भरलं होतं. शनिवारची गर्दी, आणि वाढायला एकटी एक बाई. तिच्या कपाळावरचा घाम उभेरावांना चार टेबलांवरून दिसत होता. ऑर्डर एका टेबलाची आणि प्लेट दुसऱ्याच टेबलावर, असा गोंधळ चाललेला. उभेरावांचे पाय शिवशिवू लागले. मास्तर आपल्या लहानपणाचं काहीतरी सांगत होते, वडिलांनी पहिल्यांदा मशीनवर बसवलं तेव्हाचं. हे आजवर त्यांनी कुणाला सांगितलेलं नव्हतं. उभेराव मान हलवत होते, नजर मास्तरांच्या खांद्यावरून पलीकडे.

"एक मिनिट हं, मास्तर," ते म्हणाले. "त्या कोपऱ्यातल्या पोरांना नुसतं पाणी देतो. रडायला लागलीत."

आणि एकदा पाय सुटल्यावर कोण थांबवणार? पाणी दिलं, मग खिडकीत प्लेटा थंड होत होत्या त्या पोचवल्या, मग एकाने बिल मागितलं. बाईने आधी डोळे वटारले, नंतर न बोलता त्यांच्या हातात फडकं दिलं. बघता बघता सगळं हॉटेल ताळ्यावर आलं. गल्ल्यावरचा मालक उठून आला आणि म्हणाला, "सोमवारपासून येता का?" उभेरावांची छाती फुगली. हे मास्तरांना सांगावं म्हणून ते वळले.

मास्तरांची खुर्ची रिकामी होती. उभेरावांची प्लेट तशीच, मासा गार पडलेला. मास्तरांचीही अर्ध्यावर टाकलेली.

मास्तर बाहेर धक्क्याच्या कठड्यावर बसले होते. उभेराव जवळ गेले आणि सवयीने उभेच राहिले. दोघं लॉजवर परतले. मास्तर अंथरुणावर पडले, तोंड भिंतीकडे.

सकाळी चहा आला तेव्हा मास्तर बोलले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, असं उभेरावांना वाटलं.

"ती गेल्यापासून मी तुझ्याकडे जेवतोय," मास्तर म्हणाले. "रोज. लोकांना वाटतं, मास्तरांना सोबत आहे, मित्र आहे. पण जेवतो मी एकटाच. तू येतोस, वाढतोस, निघून जातोस. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत जेवतो मी. आता मुलाकडे जातोय. त्यांच्या वेळा वेगळ्या, सगळे आपापलं घेऊन आपापल्या खोलीत बसतात. तिथेही खुर्चीच. म्हटलं, जायच्या आधी एकदा त्या खुर्चीत माणूस बघावा. काल मी जेवायला माणूस घेऊन गेलो होतो, आणि बघतो तर वेटरच आलाय."

हे बोलणं उभेरावांच्या जिव्हारी लागलं. मास्तरांसाठी आपण काय काय केलं, ते चांगले तुकडे, तो न मागता घातलेला रस्सा, हे सगळं त्यांनी मनात मांडून पाहिलं. उत्तर म्हणून ते कामाचं नव्हतं. त्यांना लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती. एकच जेवण उरलं होतं. चारच्या बसने परत जायचं होतं.

"दुपारी बसतो," ते म्हणाले.

"बघू," मास्तर म्हणाले.

दुपारी मास्तर मोठ्या हॉटेलाकडे वळत होते, पण उभेरावांनी त्यांना मागच्या गल्लीत नेलं. तिथे एक लहानसं हॉटेल होतं, मोजकी टेबलं, खाली फरशी. उभेरावांनी कोपऱ्यातलं टेबल धरलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसले. आयुष्यात पहिल्यांदा हॉटेलाकडे पाठ केली. आता समोर दोनच गोष्टी: भिंत आणि मास्तर. दोन्ही हात टेबलाखाली, मांड्यांखाली दाबून.

"हात बाहेर काढ, जेवणार कसा?" मास्तर म्हणाले.

"ऑर्डर तू दे. मी दिली की उठावंसं वाटतं."

मास्तरांनी ऑर्डर दिली. जेवण आलं. सूप, मासे, भात, उकडलेले बटाटे, साधंच. मागे कुणाचीतरी खुर्ची सरकली, उभेरावांचे खांदे उचलले गेले, त्यांनी ते खाली आणले. थोड्या वेळाने स्वयंपाकघरात काचेचं काहीतरी पडून फुटलं. सगळ्यांच्या माना वळल्या असतील. उभेरावांची मान वळली नाही, पण कपाळावरची शीर टरारून फुगली. मास्तरांना ती दिसली. त्यांनी भाताची प्लेट पुढे सरकवली.

मग उभेरावांना दुसरं काही बघायला नव्हतं म्हणून ते मास्तरांकडे बघू लागले. मास्तरांना त्यांनी कायम वरून पाहिलं होतं. टक्कल, खांदे, चमचा. चेहरा असा समोरून, जेवताना, कधी नाही. मास्तर घास तोंडात घालण्याआधी क्षणभर थांबत होते. माशाचे काटे काढून प्लेटच्या कडेला एकापुढे एक मांडत होते, टाके घातल्यासारखे. एक घास चावून चावून खात होते, मग चमचा खाली ठेवून जरा बसत होते, मग दुसरा.

"तू एवढा सावकाश जेवतोस?" उभेरावांनी विचारलं.

"लहानपणापासून. आई वैतागायची."

"आमच्याकडे तर कसा भराभर आटपतोस. मी सगळ्यांना तुझं उदाहरण देतो. म्हणतो, गिऱ्हाईक असावं तर मास्तरांसारखं, बसला काय, उठला काय."

मास्तरांनी काटा कडेला ठेवला. "तू मागे उभा असायचास ना," ते म्हणाले. "मग पटापट गिळायचं. तुझं टेबल अडायला नको."

उभेराव खाली बघून भात कालवत राहिले. रोजच्या रोज, इतकी वर्षं, हा माणूस त्यांच्यासाठी घास गिळत होता आणि ते त्याला शाबासकी देत होते. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते बाहीला पुसले आणि मास्तरांनी दुसरीकडे बघितल्यासारखं केलं.

नंतर मास्तरांनी मशीनची ती गोष्ट पुन्हा सांगितली, पहिल्यापासून. वडिलांनी फाटका अभ्रा शिवायला दिला होता आणि पोराने तो चारही बाजूंनी बंद करून टाकला, उशी घालायला जागाच नाही. उभेराव इतके हसले की पलीकडच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. हसण्याबोलण्यात उभेरावांचंही जेवण गार झालं. गार जेवण बसून खाल्लं तर इतकं वाईट लागत नाही, असं त्यांच्या लक्षात आलं.

हळूहळू हॉटेल रिकामं झालं. पाठीमागे आवाज थांबले. मग शेजारचं टेबल पुसल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने परत आला, तेच टेबल, तेच फडकं. पाठ असली तरी उभेरावांना तो आवाज पुरता कळला. स्वच्छ टेबल दुसऱ्यांदा पुसलं जातं त्याचा अर्थ एकच: उठा आता, मंडळी. हे अस्त्र त्यांनी स्वतः हजारदा चालवलं होतं.

मास्तरांनाही कळलं. त्यांच्या प्लेटमध्ये अजून मासा होता, बटाटा होता. त्यांनी दोन मोठे घास घाईने तोंडात कोंबले, चमचा प्लेटमध्ये आडवा टाकला आणि खुर्ची मागे सरकवली.

"झालं माझं," ते भरल्या तोंडाने म्हणाले. "चल, बसही गाठायचीय."

"बस खाली," उभेराव म्हणाले. "बस काय, सहाचीही असते."

मास्तर उभेच राहिले. वेटर फडकं खांद्यावर टाकून टेबलाशी आला. मास्तरांचा चमचा प्लेटमध्ये पडलेला बघून त्याने प्लेटकडे हात नेला. उभेरावांनी मास्तरांची प्लेट दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"त्यांचं जेवण व्हायचंय," ते म्हणाले. "झालं की दोन चहा दे. आणि सावकाश आण."

वेटर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मास्तर परत खुर्चीत बसले आणि त्यांनी तोंडातला घास चावायला सुरुवात केली.