रुपयाची फट

कसबा बावड्यात कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्याला ज्ञानू सुताराचं दुकान आहे. दुकानापेक्षा ज्ञानूची जीभ लांब, असं गावात म्हणतात. पण जुन्या घराला हात लावायचा म्हटला की माणसं आधी त्याच्याकडंच येतात. तो फुकट सल्ला देतो आणि वर चार शब्द सुनावतो. चौकटीच्या पायाला डांबर फासलंस का? नाही? मग वाळवीला जेवायला बोलव. जुन्या सागवानावर ऑइलपेंटाचे थर चढवलेस? लाकूड हाय का दगड त्ये? खरवड, घास, जवसाचं तेल पाज, आणि आठवडाभर गप बस. माणसं शिव्या खातात आणि सांगितल्याप्रमाणे करतात, कारण ज्ञानू लाकडाबद्दल खोटं बोलत नाही.

माणसांबद्दल मात्र त्याचं असं नव्हतं. दुसऱ्या सुताराचं काम चांगलं झालं की ज्ञानूच्या पोटात दुखायचंच. कोणी शेजारगावच्या मिस्त्रीचं नाव काढलं की ज्ञानू कान खाजवत म्हणायचा, "हां, खिळं बरं मारतंय." त्याच्या लेखी सुतार एकच होऊन गेला, त्याचा बाप आण्णा, आणि उरलेला सुतार तो स्वतः.

आण्णांनी केलेलं एक दार गावात नावाजलेलं होतं. उसाचे बागायतदार अप्पा, त्यांच्या जुन्या घराचं दर्शनी दार. दोन फळ्यांचं, अस्सल सागाचं, पितळी कड्यांचं. त्या घराची रीत अशी की वास्तुशांतीला दर्शनी दार बसवणाऱ्या सुताराला फेटा बांधायचा आणि बाकीच्या कारागिरांना टॉवेल-टोपी द्यायची. आण्णांना बांधलेला तो फेटा ज्ञानूनं पोरवयात पाहिला होता. आपल्यालाही एक दिवस तसाच फेटा मिळणार, हे त्यानं तेव्हाच मनाशी धरलं होतं.

तो दिवस आला. अप्पांनी उसाच्या रानाकडेला नवं घर बांधायला काढलं. त्यांची सून पद्मजा शाळेत शिकवते. तिनं हट्ट धरला की जुनं दार चौकटीसकट नव्या घराला बसवायचं. अप्पांनी ज्ञानूला बोलावणं धाडलं. ज्ञानू म्हणाला, बघू. पुन्हा बोलावणं आलं, पुन्हा म्हणाला, बघू. काम नको होतं असं नाही. कामासाठी तर जीव टांगणीला लागला होता. पण अप्पांनी स्वतः दुकानात येऊन 'ज्ञानू, तुझ्याशिवाय हे कुणाला जमायचं न्हाय' म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती. दार माझ्या बाचं, जातंय कुठं, असं तो बायकोला सांगायचा.

दार गेलं. कोडोलीचा तरणा सुतार जोतीराम मोटरसायकलवरून आला, दार बघितलं, हो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागला. ज्ञानूची समजूत काढावी म्हणून अप्पांनी त्याला परसदाराचं काम दिलं. परसदार! आण्णा सुताराच्या पोराला परसदार. ज्ञानूच्या अंगाचा तिळपापड झाला, तरी त्यानं काम घेतलं. घेतलं नसतं तर जोतीरामाचं काम रोज बघायला कसं मिळालं असतं?

ऐन वैशाखात दोघं एकाच घरात कामाला होते. जोतीराम पुढं, ज्ञानू मागं. पाणी प्यायच्या निमित्तानं ज्ञानू पुढं चक्कर मारायचा आणि लांबूनच बघून परत यायचा. जवळ गेलं तर त्या पोराला वाटेल, आपल्याला किंमत देतोय. जोतीरामानं रंगाचे थर खरवडून काढले. आतून असा साग निघाला की बघणारा थांबावा. त्यानं कापडाच्या बोळ्यानं तेल चोळलं. येणारे-जाणारे थांबून वा म्हणत. ज्ञानूला तो वा कानात मिरची घातल्यासारखा लागायचा. रात्री जेवताना भाकरी गोड लागेना.

मग एके दिवशी त्याला हवं ते सापडलं. चौकटीत बसलेलं दार बंद होतं आणि फळी नि चौकटीच्या मधनं उजेड दिसत होता. चांगली रुपया जाईल एवढी फट! जन्मभर ते दार चिमणीचं पीस जाणार नाही असं बसलेलं ज्ञानूनं पाहिलं होतं. म्हणजे ह्या पोरानं रंधा मारून मारून बापाचं दार बारीक केलं. ज्ञानूला राग यायला हवा होता. आला आनंद. त्या आनंदात तो तडक चहाच्या टपरीवर गेला आणि असेल नसेल त्याला सांगत सुटला. अप्पांच्या दारातनं आता उंदीर वरातीसकट जाईल म्हणाला. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, हे त्याला चांगलं जमायचं.

एवढ्यावर तो थांबला नाही. आपलं परसदार त्यानं असं ठासून बसवलं की केस जाऊ नये. फणसाच्या नव्या फळ्या होत्या. बंद करून त्यानं पद्मजाला बोलावलं आणि उजेड दिसतोय का बघा म्हणाला. दिसत नव्हता.

बनाबाईनं, त्याच्या बायकोनं, ते ऐकलं आणि भाकरी थापता थापता हात थांबवला. सुताराच्या घरात जन्म काढलेली बाई ती. आण्णांचा नियम तिला सासऱ्याच्या तोंडून पाठ होता: उन्हाळ्यात दार बसवाल तर फटीतनं रुपया गेला पाहिजे, पावसाळ्यात बसवाल तर पोस्टकार्ड. लाकूड पाणी पितं, फुगतं, त्याला जागा ठेवावी लागते. हा सल्ला ज्ञानूनं स्वतः शेकडो जणांना दिला होता.

"अवो, वैशाख चालू हाय," ती म्हणाली. "रुपया कुठं ठिवलासा?"

ज्ञानू म्हणाला, तुला काय कळतंय. कळत त्यालाही होतं. पण फट ठेवली असती तर त्याच्या आणि जोतीरामाच्या दारात फरक तो काय राहिला असता?

वास्तुशांत श्रावणात झाली. सगळा बावडा जेवायला होता. स्वयंपाक परसात मांडला होता, मोठमोठे हंडे चुलीवर रटरटत होते, आणि पंगत बसायच्या वेळेला परसदार उघडेना. फणसानं पावसाचं पाणी पोटभर पिऊन घेतलं होतं. आचाऱ्यानं खांदा लावला, अप्पांच्या भावकीतल्या चौघांनी लाथा घातल्या, दार ढिम्म हललं नाही. शेवटी भाताचे हंडे घराला वळसा घालून, चिखलातनं, दर्शनी दारानं, पूजेच्या समोरून आत आणावे लागले. आणि ते दर्शनी दार मात्र एका बोटानं उघडत होतं, एका बोटानं मिटत होतं. आता त्या फटीतनं उजेड दिसत नव्हता.

अप्पा चिडले. सगळ्यांसमोर म्हणाले, "ज्ञानू, ह्या पोराच्या फटीला गावभर नावं ठिवत हिंडलास की रं तू."

ज्ञानूनं खाली मान घातली. वाईट वाटलं, पण तोंड बंद ठेवणं त्याला जमत नव्हतं. आण्णांचं दार असं नव्हतं, म्हणाला. आण्णांच्या दारात फट नव्हती. ह्यानं रंधा मारलाय.

जोतीराम आजवर त्याच्यापुढं बोलला नव्हता. आता बोलला.

"तात्या, त्या दाराला मी रंधा लावलाच न्हाय. फटीत रंग बसलाता, त्यो तेवढा काढला. फट आण्णांचीच हाय. तुमी कड बगा की."

ज्ञानू दाराजवळ गेला. वैशाखापासून पहिल्यांदाच एवढ्या जवळ. फळी उघडून कडेवर बोट फिरवलं. कड काळीभोर होती. नवा रंधा लागला असता तर साग पिवळा दिसला असता, हे त्याला अंधारातही कळलं असतं. वरच्या कोपऱ्यात रंधा उचलताना आण्णांचा हात नेहमी जरासा झुकायचा, ती उतरणही होती. उंदीर वरातीसकट जाईल असं तो ज्या फटीला म्हणत होता, ती त्याच्या बापानं रुपया लावून ठेवलेली होती.

जोतीरामाला फेटा बांधला. ज्ञानूला टॉवेल-टोपी मिळाली, आणि ती डोक्यावर घालून तो परसाकडं गेला. खिडकीतून हात घालून, पाचर ठोकून त्यानं दार सोडवलं आणि जोतीरामाकडनं मागून घेतलेल्या रंध्यानं कड उतरवू लागला. पंगतीचा आवाज ऐकू येत होता. रंध्याला धार उत्तम होती. त्याचाही त्याला राग आला.

बनाबाई ताट घेऊन आली आणि शेजारी टेकली. फेट्याचं एवढं मनाला लावून घेऊ नका म्हणाली.

"फेट्याचं न्हाय गं," ज्ञानू म्हणाला. "आण्णांचा हात त्येला वळखू आला. मला न्हाय."

एवढं बोलून त्यानं खिशातला रुपया काढला आणि फटीत घालून बघितला. अजून जात नव्हता. त्यानं पुन्हा रंधा उचलला. मग त्याच्या ध्यानात आलं की श्रावण आहे, आता पोस्टकार्ड पुरे.