ब्लीचने विझलेला उजेड

मरोळच्या लॅबमध्ये मी टिकले ती तिथे संशोधन करणाऱ्या ताईंमुळे. ब्लीचचा वास आला की अजून त्याच आठवतात. आठवीत शाळा सोडून गावाहून आलेली मी तिथे काचेच्या नळ्या धुवायचे. ताई रक्ततपासणीसाठी एक एन्झाइम घडवत होत्या. त्याचे दोन तुकडे होते, आणि रक्तातल्या अँटीबॉडीने दोन्ही धरून जवळ आणले की उजेड पडणार होता. पण तीन दिवस उजेडच पडेना. चौथ्या दिवशी मी रडतच सांगितलं, नळ्या चकाचक दिसाव्यात म्हणून मी शेवटी ब्लीच फिरवते. आता कुठल्या तोंडाने घरी जाऊ, असं झालं. "अगं बाई, ब्लीचने एन्झाइम मरतं! वाट लावलीस की," म्हणत ताई चक्क हसल्या. मी एक नळी दहा पाण्यांनी धुतली, त्यांनी थेंब सोडले, दिवा मालवला, आणि काळोखात हिरवट उजेड हळूहळू जागा झाला. आम्ही दोघी बघत राहिलो. "काजव्याचंच एन्झाइम आहे हे," त्या कुजबुजल्या, "पण मी मुलुंडची, काजवा कधी पाहिलाच नाही गं." ब्लीचची चूक कुणाची, हे विचारणाऱ्या लॅबच्या मोठ्या सरांना त्यांनी माझं नाव सांगितलं नाही. एखाद्या वर्षी मे सरताना त्यांना गावी नेणार आहे, आमची झाडंच्या झाडं काजव्यांनी लुकलुकतात तेव्हा.