खंडेनवमीची म्हैस

आमच्या फौंड्रीत वर्षातून एकदाच माझं तोंड बंद व्हायचं, ते दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला. एरवी ऑफिसच्या काचेमागून मी कुणालाही झापू शकते. पण त्या दिवशी भट्टीची पूजा झाली की मालक स्वतःच बाटल्यांचं खोकं उघडायचे, मग मी कोणाला बोलणार? दारूचं पहिलं टोपण भट्टीच्या कट्ट्यावर ओतायचं, भट्टीचा नैवेद्य म्हणून. त्यानंतर मटण, तांबडा-पांढरा रस्सा, आणि संध्याकाळपर्यंत निम्मे गडी साच्यांच्या वाळूत आडवे.

पिणं काही खंडेनवमीपुरतं नव्हतं. दिवसभर वितळलेल्या लोखंडापुढं उभं राहायचं आणि सुटी झाली की धग उतरवायला क्वार्टर मारायची, हे सगळ्यांना पटलेलं. भट्टी अंगात शिरते म्हणे, आणि ती दारूनंच विझते. मी भांडायचे. "मॅडम, तुमी पंख्याखाली बसताय," म्हणत ते हसत गाड्यांना किक मारायचे आणि घराच्या उलट दिशेला वळायचे. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

टोपण ओतायचा मान मामांचा. मामा म्हणजे आमचे सर्वांत जुने भट्टीवाले, मूळचे चंदगडकडचे आणि अख्ख्या कारखान्याचे मामा. पिण्यातही तेच सर्वांत जुने. त्यांचे हात इतके कापायला लागले की चहा कपात कमी आणि बशीत जास्त असायचा. वितळलेलं लोखंड म्हणजे चहा नव्हे. मालकांनी त्यांना भट्टीवरून काढून कास्टिंग, म्हणजे ओतून झालेले भाग, घासायला बसवलं. मग मामी त्यांना धरून व्यसनमुक्ती केंद्रात घेऊन गेल्या. जित्याची खोड, जाते कुठली, असं सगळे म्हणत होते. मामा परत आले ते बारीक होऊन, गप्प होऊन, पण दारू सोडून. "हात थिर झाले की भट्टी तुमचीच," मालकांनी सांगितलं होतं.  तेव्हापासून मामा चहाच्या सुटीत भट्टीच्या बाजूलाच तोंड करून बसायचे.

खंडेनवमी जवळ आली तशी सगळ्यांना एकच पेच पडला. मामांच्या हातात बाटली द्यायची कशी? न द्यावी, तर त्यांचा मान गेला. शेवटी वाळूचे साचे करणारा आमचा कोडोलीचा मोल्डर, जो स्वतः दारूच्या दुकानाचं रोजचं गिऱ्हाईक, तोच म्हणाला, "औंदा भट्टीला दुधाचा निवद दावूया."

"पिशवी मी आणते," मी म्हटलं.

"पिशवीतलं काय दूध असतंय व्हय, मॅडम? डोळ्यांदेखत काढल्यालं पायजे. माझी म्हस आणतो की."

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण कोल्हापुरात दुधाबद्दल कुणी चेष्टा करत नाही, हे मी विसरले होते.

खंडेनवमीला सकाळी गेटात टेम्पो उभा राहिला आणि त्यातून खरोखरच म्हैस उतरली. शिंगांना झेंडूच्या माळा, कपाळाला गुलाल. मालकांनी म्हशीकडं पाहिलं, मामांकडं पाहिलं, आणि हातातलं बाटल्यांचं खोकं गुपचूप परत गाडीच्या डिकीत ठेवून दिलं. मला मालकांबद्दल इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

मोल्डर धार काढायला चरवी घेऊन बसला. म्हशीनं एक लाथ झाडली, चरवी खणखणत थेट लेथखाली गेली. त्यानं पेंड दिली, पाठ खाजवली, हातापाया पडला. अडला हरी! म्हशीनं पान्हा चोरला तो चोरलाच.

"रोज धार कोण काढतं रे हिची?" मालकांनी विचारलं.

"बायको."

"मग बायकोला का न्हाई आणलंस?"

"टेम्पोत जागा न्हवती की, मालक."

मी हसून हसून खुर्चीचा आधार घेतला. शेवटी त्यानं बायकोला फोन लावला आणि मोबाईल म्हशीच्या कानाशी धरला. बायकोनं आधी नवऱ्याचा उद्धार केला, तो अख्ख्या कारखान्यानं ऐकला. मग तिचा आवाज एकदम मऊ झाला. "बाय माझी, दे गं सोन्या, दे." म्हशीचे कान हलले. ती रवंथ करायला लागली. "आता बसा कुणीतरी," फोनमधून हुकूम आला, "पर ह्येंला बसवू नगा."

भिंतीला टेकून उभे असलेले मामा पुढं आले. बाह्या वर केल्या आणि बसले.  दुधाकडं कुणाचंच लक्ष नव्हतं, सगळे त्यांच्या हातांकडं बघत होते. पहिली धार चरवीत वाजली, मग दुसरी, मग लय लागली.

मामांनी पितळी पेला काठोकाठ भरला, वर फेस. तो एका हातात धरून ते वाळूतून भट्टीकडं चालायला लागले. खरं सांगते, मला भीती वाटत होती.  मामा कट्ट्याशी थांबले, थोडं दूध भट्टीला ओतलं, आणि वळून उरलेला पेला मालकांपुढं धरला. वाटेत एक थेंब सांडला नव्हता.

मालक घटाघट प्याले. मिशीला फेस तसाच. "दसरा झाला की दुसऱ्या दिवशी लोखंडाचं पोरिंग हाय," ते म्हणाले. "लवकर या, मामा. भट्टी तुमी पेटवायची."

त्या दिवसानं सगळे सुधारले, असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी काही गाड्या नेहमीच्याच बाजूला वळल्या. पण मोल्डर म्हशीसोबत टेम्पोत बसून सरळ घरी गेला, आणि त्याच्या बायकोनं म्हशीचे आभार मानले म्हणे.

मामा "व्हय" एवढंच म्हणाले होते. पेला मालकांकडं गेल्यावर त्यांचे रिकामे हात कापायला लागले, खूप कापायला लागले. ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं, पण हे कापणं दारूचं नव्हतं, म्हणून त्या वेळी कुणालाही त्यांची काळजी वाटली नाही.