तेरा भोकांचं कार्ड

“दहा छर्रे दिले होते, दहा! मग तेरा भोकं आली कुठून?”

सर इतक्या जोरात ओरडले की अर्नाळ्याला वाळत टाकलेल्या बोंबलांनीसुद्धा माना वळवल्या असतील. त्यांच्या एका हातात माझ्या धाकट्या जावेचं कार्ड होतं, पार चाळणी झालेलं. दुसऱ्या हातात माझं होतं. ते इतकं कोरं की त्यावर लग्नपत्रिका छापून घ्यावी.

महिलांसाठी नेमबाजी आणि स्वसंरक्षण, पंधरा दिवसांचं शिबिर, नंदाखाल गावाच्या बाजूला एका लग्नाच्या हॉलात. बॅनरवर पाहुण्यांचे चेहरे बैलगाडीच्या चाकाएवढे आणि बंदूक आगपेटीतल्या काडीएवढी. स्वसंरक्षणाचं म्हणाल तर ती एअर रायफल हॉलच्या दाराबाहेर न्यायची नव्हती. म्हणजे चोराने आधी हॉलवर यायचं, दहा मीटरवर उभं राहायचं आणि छातीला गोल काढलेला पुठ्ठा लावून घ्यायचा. एवढं त्याने केलं की आम्ही सुरक्षित.

सर शहरातले. त्यांनी चौदा दिवस रिकामी रायफल खांद्याला लावून आम्हाला फक्त श्वास घ्यायला शिकवलं. “ताई, श्वास! अर्धा सोडा, अर्धा धरा!” तीन पोरं काढली, पंचवीस वर्षं डोक्यावरून केळीचे घड वाहिले, आणि हा बाबा मला श्वास शिकवणार! छर्रा म्हणून हाताला लागला तो थेट पंधराव्या दिवशी, निवडीच्या वेळी. पलंगावर पोहायला शिकवायचं आणि मग एकदम खाडीत ढकलायचं, त्यातली गत.

आता मी गेलेच का? तर गेल्या वर्षी वटारच्या रस्त्यावर एका मोटारसायकलवाल्याने माझ्या गळ्यातली चेन ओढली. मी किंचाळले नाही, दगड उचलला नाही. मी त्याला “अहो” म्हणाले. बस, तेव्हापासून आमच्या ह्यांना प्रत्येक लग्नात, बारशात, अगदी दहाव्यालाही सांगायला एकच गोष्ट. “हिने चोराला अहोजाहो केलं!” म्हटलं की मांडव हसतो. शिबिरातून जिल्ह्याच्या स्पर्धेला एकच बाई जाणार होती. ती मी झाले असते तर ते “अहो” कायमचं गाडलं गेलं असतं.

आणि मला तयारीची गरज नव्हतीच. लहानपणी जत्रेत मला बघितलं की फुगेवाला ताडपत्री पाडायचा. मी एवढे फुगे फोडलेत की हवेलासुद्धा माझी धास्ती. त्यातलं गुपित साधं आहे. जत्रेतली बंदूक वाकडी असते, छर्रा उजवीकडे जातो. म्हणून फुग्याच्या वीतभर डावीकडे धरायची. सरांची रायफल तरी सरळ असेल कशावरून? सर तरी कुठे सरळ होते! शिवाय दहा मीटर म्हणजे जत्रेच्या तिप्पट लांब, तेव्हा मी तीन विती डावीकडे धरायचं ठरवलं. तिथे नेमका शेजारच्या कार्डाचा काळा गोल आला. बरंच झालं, डोळा ठेवायला सोय.

ते शेजारचं कार्ड जावेचं. ती मिठागराकडच्या गावची, भित्री. दोन्ही डोळे मिटून बार काढत होती. तिचे तीन छर्रे कार्डाच्या कडेला लागले, बाकीचे मागच्या गोणपाटात, एक पंख्याला. सर पाहुण्यांबरोबर फोटो काढण्यात गुंग. मी अर्धा श्वास सोडला, अर्धा धरला आणि दहाच्या दहा जिथे धरले तिथेच घातले. कसली वाकडी! ती रायफल फुटपट्टीसारखी सरळ होती.

“कुठलं भोक कुणाचं हे ठरत नसेल,” सर नियम सांगू लागले, “तर चांगली दहा, ज्यांच्या कार्डावर आहेत त्यांची. या ताई जिल्ह्याला जातील.”

“अहो, ती मधली सगळी माझी!”

“तुमचं कार्ड कोरं आहे, ताई.”

आणि पुन्हा तेच “अहो” तोंडातून गेलेलं. टाळ्या वाजल्या. जावेला टोपी मिळाली.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्या दोघींच्या वाड्यांमध्ये एकच कुंपण. तिचा एक माड वाकून माझ्या बाजूला आलाय, त्याचे नारळ माझ्याकडे पडतात. ती नवी होती तेव्हा एकदा मागायला आली होती. मी कमरेवर हात ठेवून म्हणाले होते, “कुंपणाच्या अलीकडे पडलं ते आमचं.” बिचारी रिकामी पिशवी घेऊन परत गेली. त्यानंतर दरवर्षी मी तिला त्याच नारळांच्या चार वड्या पाठवते. मी काही अगदीच राक्षस नाही.

हॉलबाहेर तिला स्कूटरपाशी गाठलं. म्हटलं, “अगं, तू तर डोळे मिटून मारत होतीस. जा, सरांना सांग ना, ती भोकं वहिनींची म्हणून! तुला काय करायचीय स्पर्धा?”

तिने कार्डाची नीट घडी घातली, पर्समध्ये ठेवली, चेन ओढली.

“कुंपनाच्या अलीकडं पडलं ते आमचं, वहिनी.”