व्हर्नाचा अंगठा

मेलेल्या माणसाच्या गालावर जिवंतपणा कसा आणायचा, हे आमच्या ओहायोतल्या गावात एकट्या व्हर्नाला ठाऊक. फेंटनच्या छोट्या कारखान्यात ती सव्वीस वर्षं प्रेतांच्या चेहऱ्याला लावायचा लेप घोटत होती, अंगठ्यानं लावून पारखत होती, दाराला आतून कडी लावून. पहिल्याच दिवशी तिनं कागदावर सही केली होती: लेपात काय पडतं ते कुणाला सांगायचं नाही, आणि नोकरी सुटल्यावर स्वतःही तो करायचा नाही. नवरा डेलबर्ट खोदून खोदून विचारायचा, ही गप्प. "असू दे. मी मेल्यावर तरी कळेल," म्हणायचा.

पुढे फेंटनशी बिनसलं आणि तिनं काम सोडलं. दोन वर्षांनी डेलबर्ट काविळीनं गेला. चेहरा वाळल्या मक्यासारखा पिवळा. अंत्यविधीवाला म्हणाला, शवपेटी बंदच ठेवू. पण डेलबर्टची बहीण अकरा वर्षांनी येत होती, तिला भावाचं तोंड दिसायलाच हवं होतं. व्हर्नानं फेंटनकडे लेपाचा एक डबा मागितला. डबा नाहीच आला, निरोप आला: घरी तो लेप केलास तर कोर्टात खेचीन, राहतं घर विकावं लागेल.

ती वकिलाकडे गेली. तो म्हणाला, आपल्या राज्याच्या कायद्यानं कृती त्याची. त्यानं ती लपवून जपलीय, तू सही केलीयस. हाताला बसलेलं कसब मात्र तुझं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेजारधर्म म्हणून हॅम आणि बटाटे घेऊन तिच्या घरी गेले, तर पेटी उघडी. जेवण झाल्यावर खुर्चीत डुलकी काढायचा ना, तसाच डेलबर्ट. बहीण त्याच्याशी हळू आवाजात बोलत होती आणि दर वाक्यानंतर थांबत होती, उत्तरासाठी. खरं सांगते, मीही थांबत होते.

मग फेंटन आला. टोपी काढून पेटीवर इतका वाकला, की लोकांना वाटलं म्हाताऱ्याला भरून आलं. मी शेजारीच होते. तो हुंगत होता. डेलबर्टच्या कानामागून त्यानं बोट फिरवलं आणि बोटही हुंगलं.

"हा तर बाजारातला साधा लेप," तो म्हणाला.

"तोच," व्हर्ना म्हणाली. "माझी सही तुमच्या डब्यापुरती होती, मिस्टर फेंटन. अंगठा माझा आहे."

म्हणजे फेंटनचं गुपित डेलबर्टला मेल्यावरही कळलं नाहीच.

फेंटननं परत एकदा त्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाला, "माझं करशील? वेळ आली की?"

"आधी तो कागद फाडा. मग बघू."

दोन हिवाळ्यांनी वेळ आली. कागद फाडला की नाही, तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पेटीतल्या फेंटनचे गाल आत्ताच थंडीतून चालून आल्यासारखे लाल होते. ओठ मात्र घट्ट मिटलेले, आत काही धरून ठेवल्यासारखे.

"छान दिसतायत," मी म्हटलं.

"आता गुपित कुणाला सांगणार नाहीत," व्हर्ना म्हणाली, आणि तिनं अंगठा रुमालाला पुसला.