भुताचं घर त्या का सोडत नाहीत

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तिथे मला एका चित्रकादंबरीवर बोलायचं होतं. एकमेकींवर प्रेम करणाऱ्या दोन मुली झपाटलेल्या घरात राहतात, अशी तिची गोष्ट. मला ती फार आवडली होती, पण धीर होईना. म्हणून आधी मयूर विहारच्या घरी आईला चित्रं दाखवली. असलं प्रेम बघून ती नाक मुरडेल, याची धास्ती होती.

"त्या घर का सोडत नाहीत, हेच मला कळत नाही," मी म्हणाले.

"अगं, दुसरीकडे कोण ठेवणार त्यांना?" आई म्हणाली. "आम्ही नागपूरहून आलो तेव्हा आडनाव ऐकून घरमालक खोली नाकारायचे. भूत निदान आडनाव तरी विचारत नाही. बिचाऱ्या पोरी! चल, पुढचं पान दाखव."

वर्गात मी हेच बोलले.

"हे कुठे वाचलंस?" मॅडमनी विचारलं.

"माझी आई म्हणाली," मी चांगलं मोठ्यांदा सांगितलं.